बघत बसणे

तिन्हीसांजेला दिवा लावावा तसा टीव्ही लावण्याचा परिपाठ मराठी घरांत गेल्या अर्धशतकात रुजला, आणि या दोन्ही कृतींसाठी भाषेने एकच क्रियापद पुरवले. पुस्तक उघडले जाते, पेटी वाजवली जाते, पत्ते खेळले जातात. टीव्ही मात्र ‘लावला’ जातो, जसा दिवा लावतात, उदबत्ती लावतात, रात्री निजण्यापूर्वी दुधाला विरजण लावतात. एकदा हात लावून बाजूला व्हावे आणि पुढचे काम त्या वस्तूने आपल्या गतीने करावे, अशा गोष्टींना हे क्रियापद विशेष शोभते. विरजण लावणारी बाई झोपी जाते आणि दही रात्रीतून आपोआप लागते. त्याचप्रमाणे टीव्ही लावणारा माणूस पाणी भरायला किंवा कणीक भिजवायला निघून जातो, आणि बाहेरच्या खोलीत निवेदिका, पुढारी आणि रुसलेल्या सुना रिकाम्या खुर्च्यांशी बोलत राहतात.

याच यंत्राशी जोडलेले दुसरे क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत टीव्ही बघतात खरे, पण तक्रारीच्या सुरात बोलायचे झाले की ‘बघत बसतात’. हे ‘बसणे’ म्हणजे मुख्य क्रियेला मदतनीस म्हणून आलेले सहायक क्रियापद असून शरीराच्या बैठकीशी त्याचा संबंध नाममात्र असतो. रडत बसणे, कुढत बसणे, जुने उगाळत बसणे या सर्व प्रयोगांत क्रिया वाजवीपेक्षा लांबली आणि करणाऱ्याला तिच्यातून बाहेर पडवले नाही, असा ठपका आहे. दाराच्या चौकटीला टेकून, हाताला पीठ लागलेले असताना, उभ्याउभ्या क्रिकेटचे शेवटचे षटक पाहणारी गृहिणीही या व्याकरणात ‘बघत बसलेली’च ठरते. मोकळ्या वेळात टीव्ही पाहिल्याने तो वेळ सार्थकी लागतो की वाया जातो, हा प्रश्न कोणी मांडण्यापूर्वीच भाषेने निकाल देऊन टाकलेला असतो, आणि निकाल इतक्या घाईने दिला गेला असेल तर प्रकरण पुन्हा सुनावणीला घ्यावे, असे कोणालाही वाटेल.

मोकळ्या वेळाबद्दल मराठी मनात मुळातच अढी आहे. रिकामे भांडे, रिकामा हात, रिकामे पोट यांच्याच पंगतीला रिकामा वेळ बसतो. रिकामटेकडा आणि रिकामपणचे उद्योग हे शब्द कौतुकाने कोणी उच्चारत नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, अशी म्हण आहे. तुंबडी म्हणजे अंगातले दूषित मानलेले रक्त ओढून काढण्याचे जुने साधन. म्हणीतला जातीवरचा टोमणा वगळला तरी हाताला काम नसणे हा येथे हसण्याचा विषय मानला गेला एवढे तिच्यातून कळते. आणि गंमत अशी की त्या बिचाऱ्याच्या रिकामपणालाही म्हणीने ‘लावणे’ हेच क्रियापद दिले. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या आणि दुष्काळ ज्याच्या आठवणीतून कधी पुरता पुसला गेला नाही अशा मुलखात ही अढी समजण्याजोगी आहे. प्राचीन ग्रीक भाषेत मोकळ्या वेळेला ‘स्कोले’ म्हणत आणि त्याच शब्दापासून युरोपीय भाषांतील शाळेची नावे आली. तेथे फुरसत ही विद्येची आई ठरली, अर्थात ती फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती हेही विसरून चालत नाही. मराठीचा या अर्थाचा खास घरचा शब्द सवड, आणि सवडीचे वैशिष्ट्य असे की ती सहसा आपणहून येत नाही, काढावी लागते. उसंत मिळते, वेळ जातो, वेळ घालवला जातो. सवड मात्र विहिरीतल्या पाण्यासारखी काढली जाते. घालवलेला तास आणि काढलेला तास यांत घड्याळाच्या लेखी काहीच फरक नसतो, माणसाच्या लेखी पुष्कळ असतो, आणि टीव्हीविषयीचा वाद बहुतेक वेळा या दोन तासांची गल्लत झाल्यामुळे चिघळतो.

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत त्याआधी १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक स्वरूपाचे काम चालू होते. ‘दूरचित्रवाणी’ हा शब्द वृत्तपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी जपला, घरात तो कोणी वापरला नाही. ‘दूरदर्शन’ हे १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळ्या झालेल्या सरकारी यंत्रणेचे नाव, आणि ‘टीव्ही’ ही वस्तू. वरळीच्या केंद्रातून आरंभी संध्याकाळचे मोजके तास प्रक्षेपण होई, म्हणजे चित्र आणि ध्वनी वाहणाऱ्या लहरी मनोऱ्यावरून सोडल्या जात, आणि त्या थांबल्या की घरातला संच ही निव्वळ एक लाकडी पेटी उरे. पुष्कळ संचांना सरकती दारे असत, त्यांना शटर म्हणत. शटरला कुलूप घालणारी घरेही होती, आणि वर क्रोशाने विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुले असा थाट असे. गुरुवारी ‘छायागीत’मधली चित्रपटगीते, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, अधूनमधून ‘गजरा’ या कार्यक्रमातली नाटुकली. येत्या आठवड्यात काय दिसणार हे सांगणारा ‘साप्ताहिकी’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रमच होता, म्हणजे काय पाहायचे ते ठरवण्यासाठी पाहायचा कार्यक्रम. आजच्या वाचकाला त्याचे हसू येईल. परंतु कोणी हातात पेन घेऊन साप्ताहिकी ऐके, शनिवारचा चित्रपट कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवी, त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरके, मुलांचे गृहपाठ उन्हे कलण्याआधी संपत आणि गिरणीची पाळी बदलून घेण्यापर्यंत मजल जाई, तेव्हा जे घडत होते त्याला सवड काढणे याखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

चित्र मिळवण्यासाठीही कष्ट पडत. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने, पतंगाच्या मांज्याने किंवा त्यावर बसलेल्या कावळ्यांनी फिरे. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक संचासमोर अशी साखळी उभी राही आणि ‘आलं’, ‘गेलं’, ‘थोडं मागे घे’ असे निरोप वर-खाली जात. चित्राऐवजी पडद्यावर करड्या ठिपक्यांची जी वळवळ दिसे तिला ‘मुंग्या’ हे नाव कोणी पाडले ते ठाऊक नाही, पण परिभाषा कोशाच्या कोणत्याही समितीला इतका नेमका शब्द सुचला नसता. त्या जुन्या संचाची करणीही पाहण्यासारखी होती. काचेच्या नळीच्या निमुळत्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पडद्याच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशा ६२५ ओळींत चित्र रेखाटी, तेही सेकंदाला २५ वेळा आणि प्रत्येक वेळी आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी, अशा दोन हप्त्यांत. म्हणजे पडद्यावर कोणत्याही एका क्षणी अख्खे चित्र नसेच. एक धावता ठिपका आणि त्यामागची विझत जाणारी शेपटी एवढेच तेथे असे, आणि उरलेले चित्र बघणाऱ्याची नजर पुरे करी. डोळ्यांपुढून सरलेली प्रतिमा क्षणभर टिकून राहते, या गुणाला दृष्टिसातत्य म्हणतात. टीव्हीचा प्रेक्षक निष्क्रिय असतो या आरोपाला एवढ्यावरून उत्तर देणे जरा वकिलीचे होईल, पण निदान डोळ्यांपुरता तो आरोप खोटा होता. संच बंद केला की चित्र आक्रसून मधोमध एक पांढरा ठिपका उरे आणि तो सावकाश विझे. तो पुरता विझेपर्यंत मुले जागची हलत नसत. कार्यक्रम संपल्यानंतरचा तो त्यांचा खास कार्यक्रम होता.

या काळाविषयी लिहिताना लेखणी हळवी होते आणि तेथे सावध राहणे बरे. चाळीतला एक टीव्ही म्हणजे अख्ख्या मजल्याची एकी, हे चित्र अर्धेच खरे आहे. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी कोणी कॉटवर बसायचे, कोणी जमिनीवर, कोणी उंबऱ्याबाहेर चपलांपाशी आणि कोणी खिडकीच्या गजांतून बघायचे, याचा एक न लिहिलेला नियम असे, आणि तो नियम भाडे, पगार, जात आणि त्या आठवड्यात झालेले नळावरचे भांडण या सगळ्यांनी मिळून ठरवलेला असे. ऐन चित्रपटाच्या मध्यात घरमालकिणीने ‘आमची जेवायची वेळ झाली’ म्हणून शटर ओढले की खिडकीतल्या मुलांना जे कळे ते कोणत्याही शालेय पुस्तकात नव्हते. पाहण्याचे सुख सामूहिक असले तरी ते सम प्रमाणात वाटलेले नव्हते. घरोघरी संच आले तेव्हा शेजारधर्म आटला अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. खिडकीबाहेर उभे राहिलेल्यांपैकी कोणी ती व्यक्त केल्याचे फारसे ऐकिवात नाही.

सरकारच्या मनात टीव्ही हे करमणुकीचे साधन नव्हतेच. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला तो याच श्रद्धेतून, आणि मुंबई केंद्राच्या ‘आमची माती आमची माणसं’, ‘कामगार विश्व’, ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमांमागेही तीच श्रद्धा होती. पाहणाऱ्याने पाहून काहीतरी करावे, नुसते पाहू नये. निर्माते आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’च्या बाबतीत तर हे अक्षरशः घडले, कारण त्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे स्थापून कामाला सुरुवात केली. इतर कार्यक्रमांचे फळ अधिक वाकडे होते. गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावर चित्रपटाची किंवा गाण्यांची वाट पाहणाऱ्या मुलांना त्याआधीचे शेतीविषयक निवेदन सोसावे लागे, आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे यांवर कोणते औषध किती पाण्यात मिसळून फवारावे हे त्यांना पाठ होऊन जाई, जरी खिडकीतल्या तुळशीपलीकडे त्यांच्या मालकीचे एक रोपही नव्हते. हे ज्ञान उपयोगाचे होते असे म्हणवत नाही. तरीही आपण खातो तो भात कोणाच्या तरी काळजीचा विषय असतो, एवढी कुणकुण त्या मुलांना लागली असेल तर ती त्या नीरस अर्ध्या तासाचीच कमाई म्हणावी लागेल.

‘दूरदर्शन’ या नावातला उत्तरार्ध मराठी माणसाला फार ओळखीचा होता. दर्शन म्हणजे केवळ पाहणे नव्हे. ज्यात पाहणाऱ्याला काही न करता पुण्य लागते असे ते पाहणे आहे. पंढरपुरात आषाढीला रांग फार लांबली तर वारकरी दुरून मुखदर्शन घेतो, तेही साधले नाही तर कळसाला हात जोडतो आणि वारी पोचली असे मानून परततो. अंतराने दर्शन उणे होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ दिसू लागले, तेव्हा स्नान आटोपून संचाला हार घालणाऱ्या आणि उदबत्ती ओवाळणाऱ्या घरांना काही पढीक मंडळी हसली. पण त्या घरांनी यंत्राची पूजा केली नव्हती, दर्शनाची जुनी रीत नव्या चौकटीत आणून बसवली होती. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची आहे, म्हणजे ऐकणे ही तेथे स्वतंत्र साधना आहे आणि ती वाईट रीतीनेही करता येते. दासबोधाच्या अठराव्या दशकात श्रोत्याच्या अवलक्षणांवर एक अख्खा समास रामदासांनी खर्ची घातला, तो उगाच नव्हे. बसून नुसते ऐकणे किंवा पाहणे हा आळस, ही समजूत या परंपरेची नव्हे. तिला खटकत होता तो श्रोत्याचा आळस, श्रवण नव्हे. दक्षिण कोकणात आणि पेडण्याकडच्या गोव्यात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात मधल्या प्रवेशांना प्रेक्षक चटईवर आडवे होत आणि युद्धाचा प्रवेश आला की शेजाऱ्याच्या कोपरखळीने उठून बसत. कोणी त्यांना रात्र वाया घालवल्याचा दोष दिला नाही.

करमणूक या शब्दापाशीही क्षणभर थांबायला हवे, कारण तो टीव्हीच्या संदर्भात रोज वापरला जातो आणि त्याचा मूळचा ओलावा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या पोटात ‘करमणे’ हे क्रियापद आहे आणि ते विलक्षण आहे, कारण त्याला कर्ताच नाही. कोणी करमत नाही, कोणाला तरी करमते किंवा करमत नाही. नव्याने सासरी गेलेल्या मुलीला माहेरून आलेला भाऊ ‘करमतंय ना ग?’ असे विचारतो, तेव्हा मनोरंजनाची व्यवस्था कशी आहे ही त्याची चौकशी नसते. त्या घरात, त्या माणसांत, त्या भिंतींत जीव रुळला का, एवढे त्याला हवे असते. करमणूक म्हणजे अशा न करमण्यावरचा उतारा. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ हेच होते, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातूनच क्रमशः, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, छापून आली. त्या कादंबरीतल्या यमूचे पुढे काय होणार म्हणून आठवडाभर थांबणारी वाचक आणि मालिकेत कोणाचे लग्न मोडणार म्हणून उद्याच्या संध्याकाळची वाट पाहणारी प्रेक्षक यांच्या गुणवत्तेत नव्हे, पण थांबण्याच्या रीतीत नाते आहे. बायकांनी कादंबऱ्या वाचत बसावे का, हाही त्या काळी वादाचाच विषय होता. आज इंदूर-बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली किंवा मुलाबरोबर न्यू जर्सीला जाऊन चार भिंतींत अडकलेली मराठी आई रोज संध्याकाळी मराठी मालिका लावते ती कथानकासाठी लावते असे समजणे भाबडेपणाचे आहे. घरात ‘अगं बाई’ आणि ‘कुठे चाललात?’ हे शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकू यावेत यासाठी ती लावते. तिला करमत नाही.

दैनंदिन मालिकांविषयी चांगले बोलणे अवघड आहे आणि ते बोलण्याची सक्तीही नाही. १९९७ च्या ‘दामिनी’ने मराठीत रोजच्या मालिकेचा पाया घातला, पुढे खासगी मराठी उपग्रह वाहिन्या आल्या, आणि ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे चार दिवस ३,००० भागांच्या पलीकडे गेले. एका थोबाडीत मारण्याच्या प्रसंगावर सात चेहऱ्यांच्या सात प्रतिक्रिया, प्रत्येकीला ढोलाचा स्वतंत्र ठोका, आणि कालच्या भागाचा सारांश आजच्या संवादात, ही या मालिकांची शैली टीकाकारांना कंटाळवाणी वाटते, कारण टीकाकार त्या समोर बसून बघतात. ज्यांच्यासाठी त्या असतात त्यांच्या घरी जाऊन पाहिले तर वेगळेच दिसते. जमिनीवर जुना पेपर पसरलेला, त्यावर मेथीची जुडी सोडलेली, सोडलेला दोरा अंगठ्याला गुंडाळून बाजूला ठेवलेला. बोटे काडी चाचपून कोवळे देठ पानाबरोबर खुडतात आणि जाड देठ वेगळे टाकतात, पिवळे पान नजर न वळवता बोटांनाच कळते, आणि मान अधूनमधून वर होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ती बाई उठते, गॅस बंद करते, ओट्यावरूनच ‘काय म्हणाली ती?’ असे विचारते आणि परत येऊन त्याच जागी बसते, तोवर पडद्यावर पाचवा चेहरा चालू असतो. ती शैली अशा कामकरी कानांसाठी घडली आहे, आणि अर्ध्या लक्षाने पाहिली तरी तुटू नये एवढाच तिचा कलाविचार आहे. या बाईच्या मोकळ्या वेळाची चर्चा करणाऱ्यांनी आधी तो वेळ तिच्या दिवसात शोधून दाखवावा. भाग संपतो तेव्हा मेथी निवडून झालेली असते, आणि दिवसभराच्या कामांपैकी एवढे एकच काम तिने गोष्ट ऐकत केलेले असते. जात्यावर दळताना तिच्या पणजीलाही सोबतीला गोष्ट लागत असे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की पणजी स्वतः रचून गात होती.

या फरकाचे शल्य वाहिन्यांनाही कधीतरी टोचले असावे, किंवा त्यांना त्यातला व्यापार दिसला असावा. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरी जाऊन पैठणी देऊ लागले, आणि वर्षानुवर्षे पडद्याकडे तोंड करून बसलेली गृहिणी प्रथमच पडद्याच्या आत गेली. खेळ अगदीच बालिश असत. पण नाव काय, माहेर कोठले, लग्न कसे जमले, हे प्रश्न त्या बाईला तिच्याच घरात, सासू-सासऱ्यांसमोर, कोणीतरी उत्सुकतेने विचारत होते आणि सारे घर गप्प बसून तिची उत्तरे ऐकत होते. अनेकींना पैठणीइतकेच त्या गप्प बसण्याचे मोल वाटले असावे.

चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांचा उल्लेख येथे ओघाने यायला हवा, परंतु त्यांच्याविषयी फार लिहावे असे काही नाही. एकच चित्रफीत दिवसभर फिरवत तातडीचा आव आणणाऱ्या यंत्राला सवड देणे म्हणजे वेळ घालवण्याहूनही वाईट काहीतरी आहे. या न थांबणाऱ्या यंत्राला खेड्यांत वीज तरी थांबवी: भारनियमनामुळे, म्हणजे ठरलेल्या तासांच्या वीजकपातीमुळे, संध्याकाळी पडदा काळा झाला की सुरुवातीला चिडलेली माणसे थोड्या वेळाने ओट्यावर येऊन बसत, आणि राहून गेलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहत. जुने दूरदर्शन रात्री संपत असे. शेवटचे निवेदन झाले, निवेदिकेने नमस्कार केला की त्यापुढे बघायला काहीच नसे आणि माणसे अंथरुणे घालत. आता संपणे हे काम बघणाऱ्याकडे आले आहे, आणि थकलेल्या माणसाला दिवसाच्या अखेरीस सर्वांत जड जाणारे काम तेच आहे. हातातल्या फोनने ते आणखी जड केले. एके काळी ज्या टीव्हीने घरातले बोलणे बंद पाडल्याची तक्रार होती, तोच आता चार माणसांना एका दिशेला तोंड करून बसवणारी घरातली शेवटची वस्तू म्हणून वाखाणला जातो. बदनाम माणूस म्हातारा झाला की त्याच्याविषयी असेच बोलले जाते.

म्हातारपणाचा विषय निघालाच आहे, तर ‘वेळ जात नाही’ या तीन शब्दांकडेही पाहिले पाहिजे. येथे वेळ हाच कर्ता आहे, आणि तो हटून बसला आहे. ज्यांची मुले दूरगावी आहेत, ज्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, डोळ्यांमुळे ज्यांचे वाचन सुटले आहे आणि ज्यांच्या ओळखीची माणसे वर्षाला दोन-तीन या गतीने उणी होत आहेत, त्यांच्यापुढे वेळेच्या सदुपयोगाची भाषा करणे हा एक प्रकारचा उद्धटपणा होय. सवड काढायला आधी गर्दी असावी लागते. या घरांत टीव्ही सकाळी सहाला भक्तिगीतांनी लागतो, दुपारी कोणा अनोळखी बाईची सुरळीच्या वडीची कृती सांगतो, आषाढीच्या पहाटे विठ्ठलाची महापूजा दाखवतो आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. २०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, दूरदर्शनने जुने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले आणि घरातली तरणी माणसेही काही आठवडे या म्हाताऱ्यांच्या वेळेत येऊन राहिली; तेवढ्या काळात टीव्ही बघत बसण्याबद्दल कोणी कोणाला बोलल्याचे आठवत नाही. मोकळ्या वेळात काय करावे हा प्रश्न ज्यांना निवड आहे असे लोकच विचारतात, आणि बहुधा ज्यांना ती नाही अशांविषयी विचारतात.

जेवणे आटोपली, भांडी पालथी पडली, की रात्री दहाच्या सुमारास पुष्कळ घरांच्या बाहेरच्या खोलीत एक दृश्य ठरलेले असते. घरातले आजोबा आरामखुर्चीत मान कलती करून झोपलेले असतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो, रिमोट मुठीत नाही पण मुठीजवळ असतो, आणि पडद्यावरचा निळसर उजेड त्यांच्या कपाळावरून हलत असतो. नातू पाय न वाजवता येतो, रिमोट अलगद काढून घेतो आणि बटण दाबतो. आवाज थांबतो त्या क्षणी डोळे उघडतात.

‘बंद कशाला केलास रे? बघतोय मी.’

टीव्ही पुन्हा लावला जातो.